पहिल्या फेरीत हरलेली मुलगी



जत्रेतला कुस्त्यांचा फड पाहिला नाही अशी बाई आपल्या भागात विरळाच. फडाच्या कडेला बायकांना जागा नसायची तेव्हाही आपण माडीवरून, गच्चीवरून पाहिलाच. दुपारचं ऊन तापलेलं असतं तेव्हा पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर, नारळावर. मग शंभराची, पाचशेची, हजाराची. लाखाची कुस्ती लागते तेव्हा उन्हं कललेली असतात आणि सगळं गाव गोळा झालेलं असतं. नारळावरच्या कुस्तीकडं फारसं कुणाचं लक्ष नसतं. पण लाखाच्या कुस्तीतला मल्ल एके काळी नारळावर लढूनच इथवर आलाय, हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

टेनिसमध्येही असा फड असतो. टीव्हीवर विम्बल्डन दिसतं ती लाखाची कुस्ती. आज मी बोलणार आहे ती नारळावरच्या टेनिसबद्दल. म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या स्पर्धांबद्दल, आणि त्यातही एकेरीबद्दल.

हा विषय घ्यायचं कारण एक पत्र. गेल्या महिन्यात आपल्या केंद्राच्या पत्त्यावर करवीर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं. मुलगी सतरा वर्षांची. नऊ वर्षांची असल्यापासून टेनिस खेळते. राज्य पातळीवर नाव झालंय. कोच म्हणाले, आता मुलींच्या गटातून बाहेर काढा, मोठ्यांच्या छोट्या स्पर्धा खेळू द्या. ती दोन स्पर्धा खेळली आणि दोन्ही ठिकाणी पहिल्याच फेरीत हरली. घरातली मंडळी म्हणतात, एवढे पैसे घातले आणि पहिल्याच दिवशी परत? त्या माउलीनं मला विचारलंय, "बाई, तुम्ही शाळेत खेळ शिकवलात, तुम्हीच खरं सांगा, पोरीत दम नाही का?"

मुलीचा खेळ मी पाहिलेला नाही, त्यामुळं तिच्यात किती दम आहे ते मी सांगणार नाही. पण पहिल्या फेरीत हरणं म्हणजे काय, हे मात्र सांगू शकते. तीस वर्षं शाळेत मुलींना खेळवलं, त्यातल्या दोघी-तिघींबरोबर अशा स्पर्धांना जाऊनही आले.

आधी पायऱ्या समजून घेऊ. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ, म्हणजे आयटीएफ, खालच्या पायरीवरच्या महिलांच्या स्पर्धा चालवतो. स्पर्धेच्या नावातच जिंकणारीला मिळणाऱ्या क्रमवारीच्या गुणांचा आकडा असतो. डब्ल्यू-१५ चं एकूण बक्षीस पंधरा हजार डॉलर. मग डब्ल्यू-३५, ५०, ७५ आणि १००. २०२३ पर्यंत पंचवीस आणि चाळीस हजारांच्या स्पर्धा होत्या, त्यांच्या जागी २०२४ पासून डब्ल्यू-३५ आणि डब्ल्यू-५० आल्या. त्याच्या वरची पायरी डब्ल्यूटीए १२५, मग डब्ल्यूटीएच्या मोठ्या स्पर्धा आणि सगळ्यात वर चार ग्रँड स्लॅम. आता पंधरा हजार डॉलर ऐकून कुणाचेही डोळे मोठे होतील. पण ही रक्कम एका मुलीची नसते. एकेरी, दुहेरी, जिंकणाऱ्या, हरणाऱ्या, सगळ्यांत ती वाटली जाते. त्या वाटणीकडं नंतर येते.

या स्पर्धा लांब कुठं परदेशातच होतात असं समजू नका. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा कैक वर्षं भरते आहे. तिला पाठबळ कुणाचं, तर अंड्यांचा प्रचार करणाऱ्या एनईसीसीचं. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडं पैलवानाच्या खुराकाला गाव वर्गणी काढायचं, इथं अंडीवाल्यांनी मुलींच्या टेनिसला हात दिला. सोलापूरला अलीकडच्या वर्षांत अशी स्पर्धा झाली आहे, नवी मुंबईलाही. सोलापूर म्हणजे आपल्याला मिरज, सांगोला, मंगळवेढा करत पाच-सहा तासांचा रस्ता. हे अंतर लक्षात ठेवा, ते पुढं कामाला येणार आहे.

स्पर्धेचा आठवडा कसा असतो बघा. एकेरीच्या मुख्य फेरीत बत्तीस जणी. नावं आधी पाठवायची, मग जागतिक क्रमवारीप्रमाणं वरच्या घेतल्या जातात. चार जागा आयोजकांच्या हातात असतात, त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. त्या बहुधा आपल्या देशातल्या, आपल्या राज्यातल्या मुलींना मिळतात. आणखी काही जागा पात्रता फेरीतून जिंकून येणाऱ्यांसाठी. ही पात्रता फेरी बहुधा रविवार-सोमवारी उरकते. तिथं पहिले दोन सेट एक-एक झाले तर तिसरा सेट खेळवतच नाहीत, दहा गुणांचा टायब्रेक घेतात. म्हणजे महिनोन्‌महिन्यांची मेहनत आणि दहा गुणांत निकाल. मुख्य स्पर्धा मंगळवारी सुरू होते आणि अंतिम सामना त्या आठवड्याच्या शेवटी.

बत्तीस जणी म्हणजे पहिल्या फेरीत सोळा हरणार. दुसऱ्या फेरीत आठ, मग चार, मग दोन, मग एक. एकतीस सामने, एकतीस हरणाऱ्या, आणि एकच मुलगी न हरता घरी जाणारी. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी पुन्हा हाच हिशेब. क्रिकेटमध्ये मुलगी शून्यावर बाद झाली तरी संघ जिंकू शकतो आणि फोटोत ती हसत उभी राहू शकते. एकेरीत तशी सोय नाही. व्यावसायिक टेनिस खेळणाऱ्या बहुतेक सगळ्या मुली बहुतेक सगळ्या आठवड्यांत हरलेल्याच असतात. हे गणित घरातल्या मंडळींना कागदावर मांडून दाखवावं, असं मी त्या आईला कळवलंय.

आता समोर कोण असतं ते बघा. राज्य स्पर्धेत आपल्या मुलीसमोर तिच्याच वयाची, तिच्याच शिबिरात भेटलेली मुलगी असते. डब्ल्यू-१५ किंवा डब्ल्यू-३५ मध्ये समोर सत्तावीस वर्षांची जपानी बाई असू शकते. ती दहा वर्षं हेच काम करतेय, वर्षातले तीस आठवडे बॅग घेऊन फिरतेय, आणि तिला घरी पैसे पाठवायचेत. आपली पोर शाळेचा अभ्यास बुडवून आलेली, तर ती बाई कामावर आलेली. आपल्या पोरीची सर्व्हिस जोरात असेल, पण ती बाई बारा-बारा, पंधरा-पंधरा फटके चेंडू परत देत राहते आणि सोळाव्या फटक्याला आपली पोर घाई करते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. ६-२, ६-३ असा निकाल लागतो आणि गावाकडं फोनवर तेवढाच आकडा जातो. त्यातले चार गेम ड्यूसवर गेले होते, हे कुणाला कळत नाही.

पैशाचं सांगते म्हटलं होतं. डब्ल्यू-१५ ची एकेरी जिंकणाऱ्या मुलीला दोन हजार डॉलरच्या थोडंसं वर मिळतं. पहिल्या फेरीत हरणारीला दीड-दोनशे डॉलर, म्हणजे पंधरा हजार रुपयांच्या आसपास, आणि त्यातून कर. पात्रता फेरीत हरणारीच्या हातात जवळजवळ काहीच पडत नाही. विम्बल्डनला २०२५ मध्ये एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्यांना ६६ हजार पौंड होते. खेळ तोच, मैदान तेवढंच, चेंडूही तसाच.

खर्चाचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. तीन-चार रॅकेट लागतात, एकेक पंधरा-वीस हजारांच्या घरात. गटिंग तुटत राहतं, ते पुन्हा करायचं. बूट सिमेंटच्या कोर्टवर दोन-तीन महिन्यांत झिजतात. खोलीभाडं, खाणं, प्रवास, आणि मुलगी लहान असेल तर बरोबर एक माणूस, म्हणजे सगळं दुप्पट. आयटीएफनंच २०१३ सालचे आकडे घेऊन एक मोठा अभ्यास केला होता. त्यात निघालं की एका महिला खेळाडूचा वर्षाचा खर्च सरासरी ४०,१८० डॉलर येतो, आणि त्यात कोचचा पगार धरलेलाच नव्हता. त्या वेळच्या दरानंही ते वीस लाखांच्या वर जातं. त्याच अभ्यासात दुसरा आकडा होता. खर्च आणि कमाई यांची तोंडमिळवणी व्हायला महिलेला जगात सुमारे २५३ वा क्रमांक लागत होता. म्हणजे २५४ व्या क्रमांकावरची मुलगी, जगातली २५४ वी बरं का, वर्षाअखेर पदरचे पैसे घालून खेळत होती. आपल्या तालुक्यात कोण २५४ वी आहे, ते आपल्याला माहीत असतं. जगात २५४ वी म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे याचा विचार करा.

मग लोक या स्पर्धा खेळतात कशाला? गुणांसाठी. डब्ल्यू-१५ जिंकली की क्रमवारीचे १५ गुण, डब्ल्यू-३५ जिंकली की ३५. ग्रँड स्लॅम जिंकणारीला २,०००. पहिल्या फेरीत हरलं तर डब्ल्यू-१५ आणि डब्ल्यू-३५ ला शून्य. जागतिक क्रमवारीत नाव यायलाच तीन स्पर्धांत गुण हवेत, नाहीतर एकूण दहा गुण हवेत. आणि हे गुण बँकेतल्या ठेवीसारखे नाहीत, दुधासारखे आहेत. बावन्न आठवड्यांनी नासतात. गेल्या डिसेंबरात मिळवलेले गुण या डिसेंबरात जातात, त्या जागी नवे मिळवावे लागतात. म्हणून दुखापत झाली, बारावीची परीक्षा आली, घरात लग्नकार्य निघालं की मुलगी नुसती थांबत नाही, खाली घसरते. दर वर्षी त्याच शेतात पुन्हा पेरायचं, अशातली ही गोष्ट.

आता ते पाच-सहा तासांचं अंतर. घरापासून एका दिवसाच्या रस्त्यावर जितक्या जास्त स्पर्धा, तितकी सामान्य घरची मुलगी जास्त दिवस टिकते. हे माझं ठाम मत आहे. युरोपातली मुलगी रेल्वेत बसून चार देशांत खेळून येते. आपल्या मुलीला गुणांसाठी थायलंड, ट्युनिशिया, तुर्कस्तान गाठावं लागलं तर विमानाचं तिकीट, व्हिसा, परक्या गावातली खोली, आणि आईच्या पोटातला गोळा. सोलापूर, पुणे, नवी मुंबई अशा तीन स्पर्धा ओळीनं लागल्या तर तीच मुलगी एसटीनं, रेल्वेनं जाऊन तीन वेळा लढून येऊ शकते. म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या आसपास आपल्याकडं एकापाठोपाठ स्पर्धा लागतात तेव्हा मला दिवाळी लांबल्यासारखं वाटतं.

आपल्याच जिल्ह्यातून पोर किती लांब जाऊ शकते हे आपण पाहिलंय. २०२२ साली विम्बल्डननं चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची स्पर्धा पहिल्यांदाच भरवली, आणि त्यात पन्हाळा तालुक्यातल्या यवलूजची ऐश्वर्या जाधव खेळली. ज्या हिरवळीवर मोठमोठ्या खेळाडू खेळतात तिथं यवलूजची पोर. त्या वेळी पेपरात फोटो आले, सत्कार झाले, चांगलंच झालं. पण चौदाव्या वर्षाचा सत्कार आणि अठराव्या वर्षाची पहिली फेरी यांच्यामध्ये जो रस्ता आहे, त्यावर फोटो काढायला कुणी येत नाही. फक्त ऐश्वर्याचा नाही, प्रत्येक मुलीचा तो रस्ता असाच असतो. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत यांच्यामुळं कोल्हापूरला पदकाची सवय लागली आहे. टेनिसच्या या रस्त्यावर पदक नाही, नुसते गुण आहेत, म्हणून गावाला ते दिसत नाही.

अंकिता रैनाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मूळची अहमदाबादची. २००७ मध्ये, चौदा वर्षांची असताना, टेनिससाठी आईबरोबर पुण्यात राहायला आली आणि पीवायसी जिमखान्यावर हेमंत बेंद्रे यांच्याकडं शिकली. वर्षानुवर्षं याच खालच्या स्पर्धा खेळली. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत एकेरीत कांस्यपदक मिळवलं. मार्च २०२० मध्ये जगात १६० व्या क्रमांकावर पोचली. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला एकेरीच्या मुख्य फेरीपासून ती फक्त एक सामना लांब राहिली, पात्रतेच्या शेवटच्या फेरीत तीन सेटमध्ये हरली. त्याच स्पर्धेत दुहेरीच्या मुख्य फेरीत खेळली, आणि त्याच वर्षी सानिया मिर्झाबरोबर टोकियो ऑलिंपिकला गेली. आता मला सांगा, एकेरीत ग्रँड स्लॅमची दारं जिला एवढं झटूनही उघडली नाहीत, ती हरली म्हणायची का? काही घरांत म्हणतील. माझ्या घरात नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगते. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर डब्ल्यूटीए १२५ स्पर्धा झाली, म्हणजे खालच्या स्पर्धांच्या लगेच वरची पायरी. एकेरी जिंकली बेलारूसच्या एकोणीस वर्षांच्या आर्यना सबालेंकानं. तिचं नाव तेव्हा आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर होती. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच मुंबईच्या स्पर्धेत कोइमतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून सुरुवात करून थेट उपांत्य फेरीत पोचली. ती जिल टाइकमन या स्विस खेळाडूकडून हरली, आणि पुढं टाइकमननं स्पर्धा जिंकली. अशा गोष्टी होतात. पण त्यांच्याकडं बोट दाखवून आपल्या पोरीला हाकू नये. एक सबालेंका जिंकली त्या आठवड्यात बाकीच्या एकतीस जणी हरल्याच होत्या.

आता जरा आयांबद्दल. दोन वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेला मी एका मुलीबरोबर आणि तिच्या आईबरोबर गेले होते. लॉजवर एक खोली, तिघी जणी. आईनं घरून इलेक्ट्रिक किटली, मेतकूट, डिंकाचे लाडू, मुगाची खिचडी करायला लागणारं सगळं आणलेलं. रात्री कपडे धुऊन पंख्याखाली दोरी बांधून वाळत घातलेले. सामना सुरू झाला की ही बाई कोर्टकडं पाठ करून बसायची. मी म्हटलं, "अहो, बघा तरी." म्हणाली, "मी बघितलं की ती डबल फॉल्ट करती." तिला गुण कळत होते फक्त आवाजावरून. पोरगी "कमॉन" म्हणाली की आपला, शांतता झाली की समोरच्या बाईचा. तिसऱ्या टायब्रेकमध्ये ८-१० नं पोरगी हरली. आई उठली, रॅकेटची बॅग खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "चल, आधी खाऊन घे." बाकी एक शब्द नाही. चाळीस वर्षांत मी पुष्कळ कोच पाहिले, त्यांच्यापेक्षा ही बाई मला शहाणी वाटली. हरल्यावर पहिल्या तासात मुलीला काही शिकवू नये, तिला जेवू घालावं.

नवी काळजी मोबाइलची आहे. जगभरातल्या अगदी लहान सामन्यांवरही लोक सट्टा लावतात. मुलगी हरली की पैसे बुडालेला कुणी तरी परका माणूस तिला घाण शिव्या लिहितो. डब्ल्यूटीए आणि आयटीएफनं २०२४ चा हिशेब दिला, त्यात ४५८ खेळाडूंना उद्देशून सुमारे आठ हजार अपशब्दांचे संदेश सापडले, आणि त्यातले चाळीस टक्के चिडलेल्या सट्टेबाजांचे होते. सामन्यानंतर एक-दोन तास फोन आईच्या पिशवीत राहिलेला बरा. त्याहून वाईट म्हणजे पैसे देऊ, एक सेट सोड, असं विचारणारे. २०१८ मध्ये टेनिससाठी नेमलेल्या स्वतंत्र समितीनं सांगितलं होतं की खालच्या आणि मधल्या पातळीवर ही कीड जास्त आहे, कारण तिथं खेळाडूंना पैसे पुरत नाहीत. कुणी असं विचारलं तर उत्तर न देता थेट कळवायचं. त्यासाठी इंटरनॅशनल टेनिस इंटिग्रिटी एजन्सी आहे. विचारलं गेलं आणि कळवलं नाही, तर तोही नियमभंग ठरतो. मुलीला हे आधीच समजावून सांगा, ती घाबरणार नाही.

पत्रातल्या आईनं आणखी एक विचारलंय. मुलगी सतराची, स्थळं यायला लागतील, किती वर्षं खेळू द्यायचं? मला हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही, घराघरात तो आहे. पण सतरा हे टेनिसमध्ये पोरवय आहे. चौदाच्या आत तर व्यावसायिक स्पर्धा खेळूच देत नाहीत, आणि चौदा ते सतरा वर्षांपर्यंत वर्षाला किती खेळायच्या यावर बंधन आहे. हे नियम नव्वदीच्या दशकात कडक झाले. जेनिफर कॅप्रिआती ही अमेरिकन पोर १९९० मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली आणि विशी येण्याआधीच थकून गेली, त्यानंतर जगाला शहाणपण सुचलं. तेव्हा सतराव्या वर्षी दोन वेळा पहिल्या फेरीत हरलेली मुलगी मागं पडलेली नाही, तिची सुरुवात आहे. तिला दोन-तीन वर्षं द्यावीत आणि ती आधीच ठरवून द्यावीत. दर रविवारी जेवताना "अजून किती दिवस" हा विषय काढू नये.

मध्ये एक वाटही आहे. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठात शिकली, तिथं कॉलेजच्या संघातून खेळली, परत आल्यावर पुन्हा या स्पर्धा खेळायला लागली, आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. अमेरिकेत १९७२ च्या समान संधीच्या कायद्यामुळं कॉलेजांनी मुलींच्या संघांना भरपूर शिष्यवृत्त्या दिल्या. शिक्षण, कोच, कोर्ट, खाणं, सगळं एका ठिकाणी. पण व्यावसायिक स्पर्धेतून किती बक्षीस घेता येतं याचे तिथल्या कॉलेजांचे नियम असतात आणि ते बदलत असतात. म्हणून पहिला चेक घेण्याआधी विचारून घ्यावं. सतराव्या वर्षी हा प्रश्न विचारला तर वाट मोकळी राहते, एकोणिसाव्या वर्षी विचारला तर उशीर होऊ शकतो.

आणि गावानं काय करावं, हेही बोलते, राग मानू नका. डब्ल्यू-१५ चं एकूण बक्षीस आजच्या दरानं तेरा लाखांच्या आसपास. वर पंच, चेंडू, मंडप, राहण्याची सोय, असा दुसरा खर्च. मिरवणुकीत एका रात्री डॉल्बीवर आपल्याकडं किती जातात, ते मी सांगायला नको. फुटबॉलच्या मोसमात तालमी-तालमींत वर्गणी निघते, खेळाडू बाहेरून आणले जातात. कोल्हापूरकर खेळावर पैसा घालत नाहीत, असं कुणीच म्हणणार नाही. त्यातला थोडा मुलींच्या एका आठवड्यासाठी निघाला, तर चार वाइल्ड कार्ड आपल्या हातात येतात. मग आपली मुलगी पात्रता फेरीच्या रांगेत न थांबता थेट मुख्य फेरीत उभी राहते, आणि रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपते.

त्या आईला शेवटी एक वही घालायला सांगितलीय. एका बाजूला खर्च, रुपया-रुपया. दुसऱ्या बाजूला प्रत्येक सामन्याच्या चार गोष्टी: समोरचीचा क्रमांक, आपण घेतलेले गेम, सामना किती मिनिटं चालला, आणि डबल फॉल्ट किती. जिंकली-हरली याचा रकाना ठेवूच नये, तो सगळ्या गावाला तोंडपाठ असतो. सहा महिन्यांनी वही काढून बसावं. पहिल्या स्पर्धेत ५० मिनिटांत संपलेला सामना सहाव्या स्पर्धेत दोन तास चालला असेल, तर पोरीत काय आहे ते कोचला विचारावं लागणार नाही.

तुमच्यापैकी कुणाला नुसतंच बघायला जायचं असेल, तर सोमवारी जा, पात्रतेच्या शेवटच्या फेरीला. बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट असतो आणि कोर्टच्या जाळीला खेटून उभं राहता येतं. सकाळी लवकर पोचा, टोपी आणि पाण्याची बाटली न्या, आणि सर्व्हिस करताना कुणी बोलू नका.